सारवलेलं खळं

नवरात्र सरलं, पावसानं उघडीप दिली की आमच्याकडे खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, करायला घेतात. चार महिन्यांत शेवाळलेली माती उकरायची, नवी घालायची, पाणी मारून चोपण्याने चोपायची आणि वरून शेणाचं सारवण. ऑक्टोबरच्या उन्हात एवढा घाम गाळून चहाचा कप घेऊन पडवीत टेकावं, तर समोर ओल्या सारवणावरून धोबी पक्षी तुरुतुरु चाललेला!

पाठ करडी, पोटाखाली पिवळं, वजन जेमतेम 20 ग्रॅम. गणपतीच्या सुमारासच तो हिमालयाकडून येतो, पण तेव्हा ओढ्या-वहाळावरच असतो. शेपटी सारखी वरखाली, धुणं आपटल्यासारखी, म्हणून धोबी. चार पावलं पळायचं, थांबायचं, किडा टिपायचा. मी हाताने हुसकलं तर उडून न्हाणीच्या पाथरीवर बसला आणि मी कप उचलायच्या आत परत.

बाकीचे पाहुणे एवढे उघड येत नाहीत. कांडेचोर, म्हणजे उदमांजर, रात्री येतो. पपई पिकलीय हे त्याला आमच्या आधी कळतं. सकाळी झाडावर पोखरलेलं सालपट आणि गडग्यावर बियांनी भरलेली विष्ठा, एवढीच पोच. कुकुडकुंभा (भारद्वाज पक्षी) दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात. तो केळींत रोजच दिसतो, आणि पपई रोजच जाते.

मुंगसाचं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं. आमच्याच कोंबडीचं अंडं पुढच्या पायांत धरून ते जांभ्या दगडाकडे पाठ करून उभं राहिलं आणि दोन पायांमधून अंडं मागे फेकलं. फट्! मग वळून निवांत चाटत बसलं. ओरडायचं राहूनच गेलं. घरात सांगितलं तर ह्यांचा पहिला प्रश्न, "खुराड्याचं दार कोणी उघडं टाकलं?"

धोब्याचे ठसे पुसायला मी शेणाचा बोळा घेतला, तर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गो, वाळतील तसेच."

वाळलेही. तीन बोटं पुढे, एक मागे, तुळशीपासून न्हाणीपर्यंत तिरकी ओळ. दिवाळीला रांगोळी काढायला बसले तेव्हा ती नेमकी मधेच आली. ठिपके मी थोडे डावीकडे सरकवले.