वर्डस्टार ३.३ वरून ४ वर जावं का? उत्तर जरा उशिरा देतेय

वर्डस्टार म्हणजे डॉसच्या काळातलं मजकूर टाईप करून छापायचं सॉफ्टवेअर, त्याचं ४ आलं १९८७ साली आणि त्याचं परीक्षण मी आत्ता लिहितेय, म्हणजे उशीर झालाय हे मान्य, पण तेव्हा कोणाला वेळ होता हो. आम्ही नारायण पेठेत एका माडीवर थिसिस टाईप करून द्यायचो, इंग्लिश थिसिस, बहुतेक विद्यापीठातले, आणि मशीन होतं एक्सटी, म्हणजे तेव्हाचा पीसी, दोन फ्लॉपी ड्राईव्हवालं, पुढे त्याला २० एमबीची हार्डडिस्क बसली तेव्हा मालकांनी पेढे वाटले होते. सगळं काम ३.३ वर. मग कधीतरी ४ च्या फ्लॉप्या आल्या, कुठून आल्या ते विचारू नका, त्या काळात असले प्रश्न पुण्यात कोणी कोणाला विचारत नव्हतं. आता भाच्याने लॅपटॉपवर डॉसबॉक्समध्ये, म्हणजे डॉसची जुनी सॉफ्टवेअरं आजच्या मशीनवर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, दोन्ही टाकून दिलेत आणि मी दुपारी बसून एकच मजकूर दोन्हीत टाईप करून बघते, कारण तेव्हा घाईगडबडीत "नवीन आहे ना, मग चांगलंच असेल" एवढ्यावरच आम्ही ४ वर गेलो होतो.

मत आधीच सांगून टाकते. ४ भारी आहे, आणि भारी असण्याचं पहिलं कारण म्हणजे त्यांनी बोटांना हात लावला नाही.

ज्यांनी वर्डस्टार वापरलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कर्सर हलवायला कंट्रोल धरून ई, एस, डी, एक्स. कीबोर्डवर बघा, डाव्या हाताखाली बरोबर चौकट होते, ई वर, एक्स खाली, एस डावीकडे, डी उजवीकडे. ए आणि एफ म्हणजे एकेक शब्द मागे पुढे. ब्लॉक करायचा तर कंट्रोल-के-बी, शेवट कंट्रोल-के-के, कॉपी कंट्रोल-के-सी, हलवायचा तर कंट्रोल-के-व्ही. हात होम रो, म्हणजे कीबोर्डची मधली ओळ, सोडतच नाही, आणि टायपिंगच्या क्लासला ४० च्या स्पीडची परीक्षा दिलेल्या बाईला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. आता लोक म्हणतात करंगळी दुखते. अहो दुखणारच, कारण जुन्या पीसीच्या कीबोर्डवर कंट्रोल ए च्या शेजारी होतं, आज जिथे कॅप्स लॉक आहे तिथे, १०१ बटणांचा कीबोर्ड आला आणि ते उचलून खाली कोपऱ्यात नेऊन ठेवलं. मी भाच्याला पहिलं काम तेच सांगितलं, कॅप्स लॉकचं कंट्रोल करून दे. आणि गंमत म्हणजे त्याने दोन मिनिटं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, अगं मावशी हे तर टर्बो सी! टर्बो सी म्हणजे प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर, ते काढणाऱ्या बोरलँड कंपनीने त्यांच्या एडिटरला वर्डस्टारच्याच कमांड दिल्या होत्या आणि आपल्याकडच्या कॉलेजच्या लॅबमध्ये ती निळी स्क्रीन किती वर्षं चालली ते सगळ्यांना माहीतच आहे, त्यामुळे ज्याने आयुष्यात वर्डस्टार उघडलं नाही त्या पोराच्या बोटांना कंट्रोल-के-बी पाठ.

तर हे सगळं ४ मध्ये जसंच्या तसं. हे वाटतं तेवढं साधं नव्हतं कारण त्याच कंपनीने, म्हणजे मायक्रोप्रोने, आधी वर्डस्टार २००० काढून बरोबर उलटं केलं होतं. नवीन कमांड, फाईलचा फॉरमॅट वेगळा, वर कॉपी प्रोटेक्शन, आणि चालायला संथ. जुने लोक चिडले आणि ३.३ लाच चिकटून राहिले. आता पुढचं ऐका, मायक्रोप्रोमधूनच बाहेर पडलेल्या लोकांनी न्यूस्टार नावाची कंपनी काढून न्यूवर्ड नावाचं सॉफ्टवेअर केलं, जे दिसायला वागायला वर्डस्टारच, फक्त सुधारलेलं, आणि शेवटी मायक्रोप्रोने ती कंपनीच विकत घेतली आणि त्या न्यूवर्डवर आपलं नाव लावून तेच वर्डस्टार ४ म्हणून बाजारात आणलं. थोडक्यात, घर सोडून गेलेल्या मुलाने वेगळं दुकान टाकून चालवून दाखवलं आणि मग बापाने ते दुकानच घेतलं, असा प्रकार. ३.३ आलं १९८३ ला, ४ आलं १९८७ ला, मधली चार वर्षं वर्डपरफेक्टवाल्यांना, म्हणजे समोरच्या टायपिंग सॉफ्टवेअरला, मोकळं मैदान.

बरं, आता कामाचं. थिसिस टाईप करणाऱ्याच्या दृष्टीने ३.३ चा सगळ्यात मोठा त्रास कोणता तर मार्जिन फाईलमध्ये सेव्ह होत नाहीत. आजच्या पोरांना हे खरंच वाटत नाही. उजवं मार्जिन कंट्रोल-ओ-आर ने ६० केलं, कंट्रोल-ओ-एस ने डबल स्पेस केली, छान चाळीस पानांचा चाप्टर टाईप केला, सेव्ह केला. दुसऱ्या दिवशी फाईल उघडली की मार्जिन परत ६५, स्पेसिंग परत सिंगल. मजकूर स्क्रीनवर डबल स्पेसमध्येच दिसतोय त्यामुळे कोणाला काही कळत नाही, पण गाईडने सुचवलेला एक शब्द बदलला आणि पॅरा नीट करायला कंट्रोल-बी दाबलं की तेवढा एक पॅरा आक्रसून सिंगल स्पेसमध्ये, रुंद होऊन बसणार. प्रिंट निघेपर्यंत लक्षात आलं नाही तर पुढच्या सगळ्या पानांचे आकडे सरकले, अनुक्रमणिका गेली. यावर आमच्याकडे दोन उपाय होते. एक म्हणजे मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी, "ओआर ६०, ओएस २". दुसरा जरा हुशारीचा, फाईलच्या पहिल्या ओळीत दोन टिंबं देऊन रूलर, म्हणजे मार्जिन दाखवणारी ओळ, टाईप करून ठेवायचा, दोन टिंबांची ओळ प्रिंट होत नाही, आणि उघडल्यावर तिथे जाऊन कंट्रोल-ओ-एफ दाबायचं की मार्जिन त्या ओळीवरून उचललं जातं. पण स्पेसिंग तरीही हाताने.

४ मध्ये यासाठी डॉट कमांड आल्या. म्हणजे टिंबाने सुरू होणाऱ्या ओळी, डॉट एलएम डावं मार्जिन, डॉट आरएम उजवं, डॉट एलएस स्पेसिंग. फाईलच्या डोक्यावर एकदा लिहिल्या की संपलं, कोणीही कधीही उघडा, मार्जिन तेच, स्पेसिंग तेच. मधे लांब उतारा द्यायचा असेल तर त्याच्या आधी मार्जिन आत घ्यायचं, उतारा संपला की परत बाहेर, हे पण फाईलमध्येच लिहिलेलं. माझ्या मते बाकी काहीही नसतं आणि फक्त एवढंच असतं तरी मी ४ घेतलं असतं. जाहिरातीत मात्र हे शेवटी बारीक अक्षरात आणि स्पेलिंग चेकर मोठ्या अक्षरात, असो.

दुसरं कंट्रोल-बी चंच. ३.३ मध्ये मजकूर बदलला की पॅरा आपोआप सरळ होत नाही, एकेका पॅरावर जाऊन कंट्रोल-बी मारायचं, आणि हायफन-हेल्प चालू राहिलं असेल तर ते प्रत्येक लांब शब्दापाशी थांबून विचारणार, इथे तोडू का. ते आधी कंट्रोल-ओ-एच ने बंद करायचं हे नवीन आलेल्या मुलीला पहिल्या दिवशी शिकवायचो. अख्खी फाईल सरळ करायची तर कंट्रोल-क्यू-क्यू-कंट्रोल-बी, म्हणजे हीच कमांड परत परत कर, आणि मग मशीन आपलं एकेक पॅरा करत खाली उतरत जायचं, तेवढ्यात आम्ही चहा घ्यायचो. ४ मध्ये कंट्रोल-क्यू-यू, इथून शेवटपर्यंत सगळं सरळ. डॉसबॉक्समध्ये दोन्ही इतक्या झटकन होतात की फरकच कळत नाही, त्यामुळे भाच्याला म्हटलं याचा स्पीड एक्सटीएवढा कमी कर, तेव्हा कुठे तुलनेला अर्थ आला. ४.७७ मेगाहर्ट्झवर ही तुलना करायची असते, लॅपटॉपच्या स्पीडवर सगळीच सॉफ्टवेअरं हुशार.

अनडू. ३.३ मध्ये कंट्रोल-वाय दाबलं की ओळ गेली म्हणजे गेली, आणि वाय हा टी च्या शेजारी, टी म्हणजे एक शब्द पुसणे. काय होत असेल ते तुम्हीच ठरवा. ४ मध्ये कंट्रोल-यू ने शेवटचं पुसलेलं परत येतं. फक्त शेवटचं एकच हं, आजच्यासारखं मागे मागे जाता येत नाही, आणि ब्लॉक मोठा असेल तर ते आधीच विचारतं की हे परत आणता येणार नाही, पुसू का. मला हे विचारणं फार आवडलं, सरळ आहे.

डिरेक्टरीचं पण सांगायला हवं, कारण हार्डडिस्क आल्यावर हा घोळ सुरू झाला. ३.३ चा पिंड सीपी-एमचा, म्हणजे डॉसच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा, त्याला ड्राईव्ह कळतो, डिरेक्टरी कळत नाही. म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावाने वेगळी डिरेक्टरी केली तर दुसरीतली फाईल वाचता येईना, आणि वर्डस्टारच्या ओव्हरले फाईल, म्हणजे प्रोग्रॅमचेच बाकीचे तुकडे, त्या त्या जागी नाही सापडल्या तर ते चालेचना, मग लोक प्रत्येक डिरेक्टरीत अख्खं वर्डस्टार कॉपी करून ठेवायचे. २० एमबीत! ४ ला पूर्ण पाथ कळतो. सुटलो.

स्पेलिंग चेकर आत आला, थिसॉरसही मिळाला, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. फ्लॉपीवाल्या मशीनवर डिक्शनरीसाठी फ्लॉपी बदलत बसायचं आणि ते खडकवासल्याला अडणार, मुळा-मुठेला अडणार, आमच्याकडच्या कॉपीत तर कलरमधल्या यू ला पण अडायचं. एस्केपचे शॉर्टहँड मात्र कामाचे. सर्टिफिकेटच्या पानावरचं ते "युनिव्हर्सिटी ऑफ पूना" पासून सुरू होणारं लांबलचक वाक्य एका अक्षरावर बसवून टाकलं की एस्केप आणि ते अक्षर, काम झालं. आणि कंट्रोल-क्यू-एम चा कॅल्क्युलेटर, बिलाच्या वेळी.

"मावशी, पण मराठी?" हे भाच्याने विचारलंच. तर मराठीचं दुखणं वेगळं होतं आणि ते मला पण आत्ता नीट समजलं. वर्डस्टार ३.३ काय करायचं की डॉक्युमेंट मोडमध्ये प्रत्येक अक्षर एका बाइटचं, म्हणजे आठ बिटांचं (बिट म्हणजे शून्य किंवा एक), त्यातले सात बिट अक्षरासाठी आणि आठवा बिट स्वतःच्या खुणेसाठी, शब्दाचं शेवटचं अक्षर असेल तिथे तो आठवा बिट लावून ठेवायचं, जस्टिफाय करायला सोपं जावं म्हणून. म्हणूनच ती फाईल डॉसवर टाईप कमांडने बघितली की प्रत्येक शब्दाच्या शेवटी विचित्र चिन्हं दिसायची. आता आपल्याकडे १९८८ ला पुण्यात सी-डॅक सुरू झालं, त्यांचं जिस्ट कार्ड मशीनमध्ये घातलं की स्क्रीनवर देवनागरी दिसायची, आणि ती ज्या इस्की कोडवर चालायची त्यात इंग्लिश खालच्या १२८ जागांत आणि भारतीय अक्षरं वरच्या १२८ त, म्हणजे मराठी अक्षर ओळखायची खूणच आठवा बिट. एकाच बिटावर दोघांचा हक्क! ४ मध्ये वरच्या अक्षरांना जागा दिली, पण कशी, तर प्रत्येक अक्षराच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन पहारेकरी बाइट लावून. एका बाइटचे तीन. ३६० केबीच्या फ्लॉपीवर हे कोणाला परवडणार. आमच्याकडे मराठी थिसिस आला की तो शेवटपर्यंत टाईपरायटरवाल्या बाईंकडेच जायचा.

बाकी जुन्या फाईली ४ मध्ये कशाही न बदलता उघडतात, हे मी आत्ता परत करून बघितलं.

आता तक्रार. फूटनोट नाही. ४ मध्ये फूटनोटच नाही! ती पुढे ५ मध्ये आली, १९८८ ला, दोन फाईली एकदम उघडायची सोय आणि छापण्याआधी पान बघायची सोय पण तेव्हाच. वर्डपरफेक्टमध्ये फूटनोट आधीपासून होती. इतिहासाचा थिसिस म्हणजे पानाला पाच-सहा टीपा, त्या प्रत्येक पानाच्या तळाशी ओळी मोजून हाताने बसवायच्या, आणि गाईडने वर चार ओळी वाढवल्या की टीप पुढच्या पानावर गेली, परत मोजा. त्यामुळे झालं असं की टिळक रोडला एकाने वर्डपरफेक्ट घेतल्यावर इतिहासवाले, समाजशास्त्रवाले एकेक करत तिकडे गेले. सायन्सवाले आमच्याकडे राहिले. त्यांना टीपा लागत नसत, त्यांना लागायची समीकरणं, आणि ती तेव्हा दोन्हीकडे जागा सोडून पेनानेच लिहायची होती.