तुझं बरंय

सोमवार, ३० जून २०२५, कॅसलबार

"तुझं बरंय, तुला हे भोगावं लागत नाही." आमची मेयो काउंटी (आयर्लंडातला जिल्हाच म्हणा) रॉसकॉमनला गेलिक फुटबॉलची मॅच हरली, त्यानंतर कामावर ऐकलेलं हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही. बोलणारीच्या मनात काही नव्हतं. रडून सुजलेले डोळे, हातात गार झालेला चहा. मी बाहेरून आलेली, म्हणून तिनं बिचारीनं माझा हेवाच केला. तरी लागलं.

काय भोगलं नाही मी? मे महिन्यात इथेच, मॅकहेल पार्कात, शेजारच्या गॉलवे काउंटीनं कॉनॉट प्रांताची फायनल दोन पॉइंटांनी नेली. गेल्या वर्षी एकानं नेली होती. मग कॅव्हननं घरात येऊन आपटलं. टायरोनला हरवलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. आणि १५ जून, ती रॉसकॉमनची मॅच. डोनेगलशी नुसती बरोबरी पुरे होती, शेवटच्या क्षणी ती झालीसुद्धा! दादाला कळवायला मोबाइल उचलला, 'बरो' एवढंच टाइप झालं, तोवर डोनेगलवाले दुसऱ्या टोकाला पोचून बॉल बारवरून मारून मोकळे. ०-१९ विरुद्ध १-१५, आधी गोल, मग पॉइंट. गोलचे तीन धरले तरी एक कमीच. मेयोचं वर्ष संपलं.

तिचंही खरं असेल म्हणा. इथे काउंटी निवडायची नसते. खेळाडूंना पगार नाही, खरेदी-विक्री नाही. ज्या गावच्या क्लबात वाढलात, त्याच काउंटीकडून खेळायचं आणि सोमवारी मुकाट कामावर जायचं. हरणंही मग वारशानंच येतं. १९५१ नंतर सॅम मॅग्वायर कप, म्हणजे अख्ख्या आयर्लंडचा कप, इकडे फिरकलेला नाही, १९८९ पासून ११ फायनल गेल्या. १९५१ चा संघ जिंकून परतताना फॉक्सफर्डला एका अंत्ययात्रेसाठी थांबला नाही, म्हणून त्यातले सगळे जाईपर्यंत कप मिळायचा नाही असा शाप, म्हणे. शेजारच्या आजी "मी नाही हो मानत" म्हणत हे अगदी खालच्या आवाजात सांगतात. ती फायनल खेळलेल्यांतला शेवटचा माणूस २०२१ मध्ये गेला. शापाला कुणी कळवलेलं दिसत नाही.

माझ्या वाट्याला यातलं काय येतं? आईकडून तर काहीच नाही. तिच्या लेखी मी अजून "तिकडे पावसात" असते.

आणि काल क्रोक पार्कात मीथनं गॉलवेला हरवलं. एका पॉइंटनं! मी सोफ्यावरून अशी उठले की कुत्रं भुंकायला लागलं. दादाची दोन्ही पोरं गॉलवेच्या मरून रंगाच्या जर्सीत वाढलेली, माझीच भाचरं, आणि मला गुदगुल्या होत होत्या. इतका खुनशीपणा पाहुण्याला जमेल का? त्या बाईला सांगायला हवं.

रात्री वहिनीचा फोन. पोरं जेवत नाहीत, धाकटा रडून रडून झोपला. मी चुकचुकले, आवाज जमेल तेवढा पाडला आणि म्हटलं, सुट्टीत पाठव इकडे. इथे शिकवणी फुकट असते.