आप्पांच्या मेट्रो कार्डवरचे ते नऊ रुपये

मागच्या महिन्यात आप्पांच्या मेट्रो कार्डच्या हिस्ट्रीत नऊ रुपयांची एक एन्ट्री दिसली आणि मला ती काही केल्या लागेना. तिथनं हे सगळं सुरू झालं. म्हणलं लिहूनच काढावं, कारण साताऱ्यात आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत हेच चालू आहे, पोरं पुण्यात, म्हातारी माणसं इथं, आणि आठवड्याची नाहीतर पंधरवड्याची एक खेप ठरलेली.

आमच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ती सध्या ताईकडं आहे संत तुकाराम नगरला. आप्पा दर शुक्रवारी सकाळी सातारा स्टँडवरनं स्वारगेटची विनाथांबा गाडी धरतात आणि रविवारी संध्याकाळी परत येतात. वय शहात्तर. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ च्या ऑगस्टपासनं एसटी फुकट आहे, तरी आप्पा कंडक्टरकडनं ते शून्य रुपयांचं तिकीट मागून घेतात आणि घरी येईपर्यंत खिशात जपून ठेवतात. ते स्वतः एसटीत कंडक्टर होते, त्यामुळं बिनतिकिटाचा माणूस गाडीत बसलेला त्यांना चालतच नाही, मग तो माणूस ते स्वतः का असेनात.

पूर्वी स्वारगेटला उतरलं की पुढं पिंपरीकडं जायचं म्हणजे त्यांना फार दगदग व्हायची, पण २९ सप्टेंबर २०२४ ला मेट्रो स्वारगेटपर्यंत आली आणि त्यांचा पुढचा रस्ता एकदम सोपा झाला, एकच गाडी, बसायला जागा, जिना चढायला नको लिफ्ट आहे. रांगेत उभं राहून तिकीट काढायला नको म्हणून मी त्यांना कार्ड काढून दिलं, ते नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डवालं, रूपेचं चिन्ह असलेलं. ही कार्डं देशात २०१९ च्या मार्चमधे सुरू झाली, कल्पना अशी की एकच कार्ड वेगवेगळ्या शहरांत मेट्रोला, बसला चालावं. मोबाईल नंबर मी माझा दिला, आप्पांना ओटीपीचा वैताग नको म्हणून. आता वाटतं की तो नंबर देताना मी जरा विचार करायला पाहिजे होता, पण ते पुढं सांगतो.

पहिला घोळ रिचार्जचा झाला. आप्पांचा स्वारगेटवरनं फोन, गेट उघडेना, पैसे कमी दाखवतंय. मी साताऱ्यात बसून लगेच दोनशे रुपये टाकले, मेसेज आला, पोर्टलवर पैसे दिसले, आप्पांना म्हणलं आता लावा कार्ड. तरी गेट उघडेना. आप्पा तिकडं उभे, मी इकडं स्क्रीनवर दोनशे रुपये बघतोय. शेवटी काउंटरवरच्या पोरीनं कार्ड मशीनवर ठेवून ते पैसे कार्डात उतरवून दिले आणि मग काम झालं.

हे नीट समजून घेतलं तेव्हा कुठं हिस्ट्री वाचता यायला लागली. या कार्डात पैसे दोन जागी असतात. एक बँकेच्या सर्व्हरवर आणि दुसरे खुद्द कार्डाच्या चिपमधे. गेट कुणाला विचारत बसत नाही, ते फक्त चिपमधले पैसे बघतं, कारण गर्दीत माणूस क्षणभरात आत गेला पाहिजे आणि तेवढ्यात सर्व्हरला विचारून उत्तर यायची वाट बघणं परवडत नाही. आत जाताना चिपवर स्टेशन आणि वेळ लिहिली जाते, बाहेर पडताना गेट ते वाचून भाडं कापतं. म्हणजे पैसे कापल्याचं सगळ्यात आधी कार्डाला कळतं, बँकेला नंतर, गेटनं साठवलेले व्यवहार पुढं पाठवले की मग. म्हणून पोर्टलवर आजचा प्रवास आज दिसेलच असं नाही, आमच्याकडं कधी दुसऱ्या दिवशी दिसतो, कधी दोन एन्ट्र्या एकदम येतात. पैसे गायब झाले म्हणून घाबरू नका, एक दिवस थांबा. आणि कार्ड हरवलं तर चिपमधले पैसे ब्लॉक करून वाचवता येत नाहीत, ते रोख पैसे पाकिटातनं पडल्यासारखे गेलेच, म्हणून मर्यादा दोन हजारांची असली तरी आप्पांच्या कार्डात मी लागेल तेवढेच ठेवतो.

आप्पांचा स्वतःचा प्रश्न वेगळाच होता. ते म्हणाले, जाताना जास्त कापले, येताना कमी, अंतर तर तेवढंच आहे की रे. मी आधी म्हणलं तुमचं बघण्यात काहीतरी चुकलं असेल, पण हिस्ट्री काढली तर आप्पांचं बरोबर. कार्डाला एरवी दहा टक्के सूट होती आणि शनिवार-रविवारी तीस टक्के. ते जातात शुक्रवारी, येतात रविवारी. समजा वीस रुपयांचं तिकीट असेल तर शुक्रवारी अठरा आणि रविवारी चौदा. मला तेव्हा खरंच फार भारी वाटलं, या माणसानं गेटच्या पिटुकल्या स्क्रीनवर आलेला आकडा दोन दिवस डोक्यात ठेवला होता.

तर ते नऊ रुपये. शुक्रवार सकाळ, स्वारगेट ते मंडई, नऊ. त्याखाली साधारण चाळीस मिनिटांनी मंडई ते संत तुकाराम नगर. आधी वाटलं चुकून जास्तीचे कापलेत. मग मागं मागं गेलो तर सलग तीन शुक्रवार तेच. कमीत कमी भाडं दहा रुपये, दहा टक्के सूट, झाले नऊ, म्हणजे हिशोब बरोबर होता आणि माणूस खरंच मंडईला उतरला होता. ताईला फोन केला, तिला काहीच माहिती नाही. मग माझ्या डोक्यात नको ते यायला लागलं, चक्कर येते का, चुकून उतरतात का, की विसरायला लागलेत.

सोमवारी चहा घेताना सरळ विचारलं, आप्पा, मंडईला का उतरता?

ते गप्प बसले. मग म्हणाले, तुला कुणी सांगितलं?

कार्डावर दिसतं म्हणलं. त्यांचा चेहरा पडला. पूर्वी पुण्याच्या ड्युटीला स्वारगेटला मुक्काम असला की ते चालत मंडईत जायचे आणि आईसाठी अंजीर आणायचे. ते मला आठवतंय, कागदाच्या पुडीत, गाडीच्या धक्क्यांनी थोडे दबलेले. आता ती अंथरुणावर आहे तर तेच नेत होते. आम्हाला सांगितलं असतं तर आम्ही दोघांनी, जिने कशाला चढताय, ओझं कशाला उचलताय, ऑनलाईन मागवू, असं म्हणून बंदच केलं असतं. आणि खरंच केलं असतं, मला माहिती आहे.

मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. पैशाचा हिशोब बघतोय म्हणून मी त्यांचं जाणं-येणं बघत होतो, कुठं उतरले, किती वेळ थांबले, सगळं, आणि त्यांना ठाऊकच नव्हतं की हे मला दिसतं. घरातल्या माणसाचं कार्ड आपल्या नंबरवर असेल तर त्यांना आधी सांगा की मला सगळं दिसतंय. चिपवरचे शेवटचे काही व्यवहार स्टेशनच्या काउंटरवर कार्ड दाखवलं की कळतात, त्यामुळं त्यांना स्वतःलाही बघता येतात, मुलाच्या फोनवर अवलंबून राहायची गरज नाही, हे पण सांगा.

मी त्यांना विचारलं, नंबर बदलून तुमचा टाकू का. ते म्हणाले नको, नंबर तुझाच राहू दे, पण वेबिल मी लिहिणार. ज्यांच्या घरात एसटीतलं कुणी नाही त्यांच्यासाठी सांगतो, वेबिल म्हणजे कंडक्टरच्या हिशोबाचा कागद. मशीन यायच्या आधी तिकिटांचे गठ्ठे असायचे, प्रत्येक दराच्या तिकिटाचा सुरुवातीचा नंबर आणि शेवटचा नंबर त्यावर लिहायचा, वजाबाकी केली की किती तिकिटं फाडली ते कळतं आणि तेवढीच रोकड डेपोत भरायची. मधेच चेकर गाडीत चढला की आधी तोच कागद हातात घ्यायचा. आप्पांनी पूर्ण नोकरी त्या कागदावर काढली, त्यामुळं नुसता बॅलन्स बघून त्यांचं समाधान होत नाही. शिल्लक किती हे कुणीही सांगेल म्हणतात, ती तेवढीच का उरली ते सांगता आलं पाहिजे.

आता त्यांनी दोनशे पानी वही केलीय. पट्टीनं रेघा मारून रकाने, बसले, उतरले, वेळ, कापले, शिल्लक. दर सोमवारी चहानंतर ते वहीतनं वाचतात आणि मी फोनवर बघून हो म्हणतो. गेल्या सोमवारी सगळं जुळलं, फक्त मंडईची एन्ट्री पोर्टलवर अजून आली नव्हती, तर आप्पांनी त्या ओळीपुढं पेन्सिलनं बारीक टिंब दिलं आणि वही मिटली. मंगळवारी मी कामावरनं आलो तेव्हा ते दारातच खुर्ची टाकून बसलेले.

"आली का?"

"आली आप्पा. नऊ रुपये."

मग त्यांनी खिशातला पेन काढला आणि ते टिंब गिरवलं.