सलंगावरची जाळी

तलावाच्या पारीतून, म्हणजे बांधातून, पाणी झिरपणं ही आमच्याकडे बातमी नसते. जुनी मातीची पार आहे, पावसाळ्यात पायथ्याला ओल धरणारच. तिथलं गवत उन्हाळ्यातही हिरवं राहतं म्हणून ढोरकी गुरं तिकडेच वळवतो. पाहायचा असतो तो पाण्याचा रंग. निवळ येत असेल तर येऊ द्यावं. माती घेऊन येत असेल तर पार आतून पोखरली जातेय, आणि मग हाताशी किती तास आहेत ते कोणीच सांगू शकत नाही. नवरात्रात एका सकाळी ढोरकी दारात येऊन "तुडुमापाशी मातीचा पानी येऊन रायला जी" एवढंच बोलला. तुडूम म्हणजे तलावातून शेतांना पाणी सोडायचं दार. मी त्याला दुसरा प्रश्न विचारला नाही.

मी गावचा रोजगार सेवक. रोहयोच्या कामाची मागणी लिहून घ्यायची, मस्टर काढायचं, कामावरच्या मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो मोबाइलवर चढवायचे, आणि नेटवर्क नसलं की मजुरांच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. तलाव समिती त्यात कुठेच बसत नाही, ती बिनपगारी. पण गावात कोणाकडे ट्रॅक्टर आहे, कोण हातचं काम टाकून येतो आणि कोण नुसतं "येतो" म्हणतो, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं असल्यानं समितीचं रजिस्टर माझ्या गळ्यात पडलं.

गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं, तलाव मामा तलाव. मामा म्हणजे माजी मालगुजारी, सारा वसूल करणाऱ्या जुन्या मालगुजारांच्या ताब्यातले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी त्यातले बरेचसे बांधले. आमच्याच तालुक्यातला नवेगाव बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात, आणि लोकांनी त्यांना पुढे देवच करून टाकलं. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. 100 हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात, आमचा त्यातलाच. म्हणजे कागदावर मालक एक. प्रत्यक्षात खालच्या धानाच्या बांध्यांना पाणी लागतं, ढिवरांच्या म्हणजे मासेमारांच्या सोसायटीचं मासोळीचं बीज त्यात सोडलेलं असतं, बायकांचा धुण्याचा घाट तिथे, पोळ्याला बैल धुवायचे ते तिथे, कान्होबा, गणपती, शारदा शिरवायची, म्हणजे विसर्जन करायची, तीही तिथेच. प्रत्येकाचा तलाव वेगळा आणि पाणी मात्र एकच.

समिती सुरू झाली ती बेशरमपासून. तलावाच्या उथळ कडेला बेशरमचं रान माजलं होतं. ती गुरं खात नाहीत, शेळ्यांना बाधते, आणि नुसती छाटली तर छाटलेल्या प्रत्येक कांडीला चिखलात पुन्हा मुळं फुटतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की सब्बल घालून मुळासकट उपटायची, पारीपलीकडे नेऊन वाळवायची आणि जाळायची, याला दुसरा उपाय नाही. हे काम ढिवर मोहल्ल्यातल्या बायकांनी रेटलं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि त्यांचे सोबती याच पट्ट्यात ढिवरांना घेऊन तलाव सुधारण्याचं काम करत आलेत. बेशरम काढून मोकळ्या झालेल्या पोटात पाण्यातल्या देशी वनस्पती लावायच्या म्हणजे गावरान मासोळीला अंडी घालायला आणि लपायला जागा मिळते, ही गोष्ट आमच्या बायका तिकडूनच ऐकून आल्या होत्या. पहिल्या वर्षी लोक हसले. चिखलात गवताची रोवणी कोण करतं? नंतर उथळ पाण्यात दाडक, बोटरी या गावरान मासोळ्या दिसायला लागल्या तेव्हा हसणं थांबलं, आणि "आमच्याही हिश्शाचं काय" हे सुरू झालं. सफाईला माणसं मिळतात हो. दगदग नंतरची असते, ती वाटणीची.

तर त्या सकाळी पारीवर गेलो. तुडुमाच्या डाव्या अंगाला, पायथ्याशी, हाताच्या पंजाएवढ्या जागेतून पाणी उकळी फुटल्यासारखं वर येत होतं. पाण्याचा रंग चहाचा. भोवती बारीक गाळाची गोल वरवंडी तयार झालेली, आणि पाहता पाहता तिचा काठ वाढत होता. मी त्यात बोट घातलं तर पाण्याला जोर लागत होता. वर बघितलं तर त्याच रेषेत पारीवर एका जुन्या मोहाचं बूड. झाड केव्हाचं तोडलेलं, जमिनीतली मुळं कुजून गेलेली. कुजलेल्या मुळाची पोकळी म्हणजे पाण्याला आयती नळी. खेकडे आणि घुशीही असतातच त्यात भर घालायला.

रात्रभर पाऊस झाला होता आणि वरच्या जंगलातून नाले अजून येतच होते. तलाव काठोकाठ. संबंधित कार्यालयात फोन लावला. साहेब दुसऱ्या तालुक्यात होते, "उद्या सकाळी येतो, तोवर लक्ष ठेवा" म्हणाले. लक्ष तर ढोरकीही ठेवून होता.

अशा वेळी पहिली ऊर्मी असते बाहेरून भोक बुजवण्याची. तरुण पोरं माती भरलेली चुंगडी, म्हणजे पोती, घेऊन धावलीच होती. त्यांना थांबवावं लागलं. बाहेरून बूच मारलं की पाणी आत अडतं आणि शेजारून दुसरी वाट काढतं, ती मोठी असते. झऱ्याभोवती चुंगड्यांचा कठडा रचायचा, आत पाणी चढू द्यायचं म्हणजे आतला जोर कमी पडतो, आणि तळाशी आधी रेती, वर गिट्टी टाकायची. पाणी निघून जातं, माती मागे राहते. शारदा मंडळाच्या पोरांनी मांडवासाठी आणलेली ट्रॉली रिकामी केली आणि रेती आणली. रेती एका घरकुलाची होती. त्या घरमालकाला आम्ही रेती टाकून झाल्यावर सांगितलं.

आता खरं काम होतं तलावातलं पाणी उतरवण्याचं. तुडूम उघडायला कोणी धजेना. पाणी त्याच्याच कुशीतून फुटलेलं, तिथे आणखी ओढ लावायची म्हणजे आगीत तेल. उरला सलंग, पारीच्या दुसऱ्या टोकाचा. जास्तीचं पाणी तिथून नाल्यात जातं. आम्ही तिकडे गेलो आणि जे गावात सगळ्यांना माहीत होतं पण कोणी बोलत नव्हतं, ते समोर आलं. सलंगावर मातीच्या चुंगड्यांच्या दोन थरांची भर होती. टोकाच्या बांध्यांच्या शेतकऱ्यांनी ती ऑगस्टमध्येच टाकलेली, दीड फूट पाणी जादा साठावं म्हणून. त्यांचंही खोटं नव्हतं. हलका धान निसवला होता, पण टोकाला सगळा भारी, म्हणजे उशिरा येणारा धान, तो आता गर्भावर. एक पाणी चुकलं की लोंबी पोचट. आणि टोकाला पाणी दर वर्षी शेवटीच पोहोचतं, पोहोचलं तर.

चुंगड्यांवरून जे पाणी सांडत होतं, तिथे सोसायटीची जाळी बांधलेली. रोहू, कतल्याचं बीज पावसाळ्यात सोडलेलं, बोटाएवढं झालेलं. सलंगावरून एकदा खाली गेलं की ते नाल्याचं. जाळीला बेशरमच्या काड्या, पालापाचोळा, प्लॅस्टिक अडकून भिंत झाली होती. पाणी फुगायला चुंगड्या जेवढ्या कारण, तेवढीच जाळी.

"आधी चुंगड्या काढा," सोसायटीचे लोक म्हणाले.

"आधी जाळी काढा. चुंगड्या काढल्या आन जाळी तशीच रायली त पानी कुठून जाईन?" टोकाचे शेतकरी म्हणाले.

"जाळी काढली त मासोळी तुमचा बाप भरून देईल का बे?"

"आन धान वाळला त तुमचा?"

अर्धा तास हेच. मी मधे पडून दोघांनाही पटेल असं काहीतरी बोलत होतो, म्हणजे कोणालाच पटत नव्हतं. सरपंच आल्या, त्यांनी दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं आणि तहसीलला फोन लावायला बाजूला गेल्या. जुने वाद निघाले. कोणत्या तरी साली उन्हाळी धानासाठी तलाव तळापर्यंत रिकामा केला होता आणि मासोळी चिखलात मेली होती, ते निघालं. त्याच्याही आधी कोणी तरी तलावाच्या पोटात लाखोळी पेरली होती, तेही. माणूस भीती वाटली की हिशेब काढतो, हे मी मस्टरवरही बघतो.

बेशरमच्या कामात पुढे असलेली काकी तोवर गप्प होती. ढिवर मोहल्ल्यातली, तिचा नवरा सोसायटीचा सभासद. तिनं लुगडं खोचलं, सलंगात उतरली आणि जाळीचा दोर सोडायला लागली. गाठ ओली होऊन आवळलेली, सुटेना. तिनं कमरेचा विळा काढला. नवरा वरून ओरडला, "काय करतेस वो?" ती मान वर न करता म्हणाली, "पार गेली त जाळी काय नाल्याले बांधशील?" आणि कापली. अडकलेला सगळा कचरा एकदम सुटला, तिच्या मांड्यांवर येऊन आदळला, ती डगमगली, दोघांनी तिला हात दिला.

यानंतर चुंगड्यांसाठी कोणाला सांगावं लागलं नाही. शेतकऱ्यांचीच पोरं उतरली. मधल्या चुंगड्या काढल्यावर सलंग असा वाजायला लागला की बोललेलं ऐकू येईना. खालच्या बाजूला काही बायका साड्या आणि मच्छरदाण्या लावून निसटलेलं बीज धरत होत्या आणि घमेल्यातून पुन्हा तलावात नेऊन टाकत होत्या. किती वाचलं ते काही मोजता आलं नाही. थोडंच असणार.

पाणी उतरतं ते सावकाश. दुपारपर्यंत पारीच्या आतल्या अंगावर चार बोटं ओली रेघ दिसली. बाहेरच्या कठड्यातलं पाणी फिकं झालं होतं, पण पूर्ण निवळ नव्हतं. आतलं तोंड सापडल्याशिवाय रात्र काढणं धोक्याचं होतं.

हे काम ढिवर मोहल्ल्यातल्या मामांचं. साठी उलटलेला माणूस, डोंग्यात उभा असला की वाकत नाही आणि जमिनीवर मात्र कंबर धरून चालतो. गिरणीतून धानाचा कोंडा आणून आम्ही पाण्यावर पसरला. भोवरा कुठे दिसला नाही, म्हणजे तोंड खोल होतं. मामांनी कमरेला दोर बांधून घेतला. तोंड चाचपायला लांब बांबू नाही, आपला दुपट्टा. दुपट्ट्याचा एक पदर मुठीत, दुसरा मोकळा, असं घेऊन ते पारीच्या अंगाला लागून बुडी मारत होते. वर यायचे, थुंकायचे, हातभर सरकायचे, पुन्हा खाली. पाय कुठेच आधी लावत नव्हते. मी कारण विचारलं तर म्हणाले, "पाय धरला त सोडत नाही तो. दुपट्टा गेला त जाऊ दे."

एका बुडीला ते जरा जास्त वेळ राहिले आणि दोर धरलेला पोरगा ओढायला लागला, तेवढ्यात वर आले. हातात दुपट्टा नव्हता. "गेला," म्हणाले, आणि पाण्यावर बोटानं जागा दाखवली.

तणसाच्या पेंढ्या, त्यात काळी चिकण माती, वरून चुंगडी शिवून घेतलेली, अशी बुचं तयार केली. पहिलं बूच खाली नेताच पाण्यानंच ते ओढून घेतलं. त्यावर दुसरं, मग मातीच्या चुंगड्यांचा थर, डोंग्यातून एकेक सोडत. मामा आणि आणखी दोघं आळीपाळीनं खाली जाऊन त्या पायानं नव्हे, बांबूनं दाबत होते. बाहेर उभ्या असलेल्या ढोरक्यानं आरोळी दिली तेव्हा कठड्यातलं पाणी थांबलं नव्हतं. पण तळाची गिट्टी दिसत होती.

रात्री पाळ्या लावल्या. बॅटरी, चहा, आणि कठड्याशेजारी बसून दर थोड्या वेळानं गिलासात पाणी घेऊन उजेडात बघायचं. दुसऱ्या दिवशी साहेब आले. कठडा बघून "हे कोणी सांगितलं?" म्हणाले, मग स्वतःच पुढचं सांगितलं: पावसाळ्यानंतर तेवढी पार खणून, मोहाचं बूड मुळांसकट काढून, चिकण माती थरथरानं धुम्मसून भरावी लागेल. तोवर पारीवर ट्रॅक्टर बंद.

ट्रॅक्टर बंद म्हणजे शारदेची ट्रॉलीही बंद. घाटामागे खड्डा खणून त्यात मूर्ती शिरवावी, हे समिती कधीची म्हणत होती आणि मंडळ कधीचं नाही म्हणत होतं. या वेळी पोरांनी खड्डा स्वतःच खणला. पुढच्या वर्षीचं बोलू नका, असं मात्र अध्यक्षांनी बजावून ठेवलंय.

टोकाच्या बांध्यांचं पाणी गेलं होतं, ते खरंच होतं. म्हणून तुडूम उघडण्याची परवानगी मिळाल्यावर पाळी उलटी लावली: आधी टोक, मग मधले, शेवटी तुडुमाजवळचे. तुडुमाजवळच्यांनी बैठकीत टेबल आपटलं. त्यातल्या दोघांनी रात्री पाट फोडलाही. तो आम्ही सकाळी बांधला, नावं रजिस्टरात लिहिली नाहीत, पण गावाला ठाऊक आहेत.

राहिली जाळी. सोसायटी म्हणते ती समितीनं भरून द्यावी. शेतकरी म्हणतात, चुंगड्यांचे पैसे आम्ही मागतो का? रेतीवाला घरकुलाच्या हप्त्यासाठी माझ्याच दारात उभा असतो. काकीचं म्हणणं वेगळंच आहे. ती म्हणते, नवी जाळी घेऊच नका, सलंगाच्या तोंडाला दगडात लोखंडी गज रोवा, कचरा काढायला सोपं जाईल. तेवढे गज कुठल्या कामाच्या अंदाजपत्रकात बसतात का, ते मी सध्या तालुक्याला विचारतोय.