तुम्ही विचारलंत म्हणून: फोन मॉनिटरला जोडला की कॉम्प्युटर लागतच नाही का?

“तू तर सगळं फोनवरच करतोस ना? मग मी लॅपटॉप घेऊ की नको?” हा प्रश्न मला वरचेवर येतो. विचारणाऱ्याला हो किंवा नाही एवढंच हवं असतं, आणि मी उलट त्यालाच चार प्रश्न विचारायला लागतो. तो वैतागतो, मीही वैतागतो. म्हणून एकदा नीट लिहूनच टाकतो.

माझं काम मजकुराचं. लोकांनी लिहिलेलं तपासायचं, दुरुस्त करायचं, मेलने परत पाठवायचं, महिनाअखेरीला बिलं करायची. या सगळ्यासाठी मी बराच काळ सॅमसंगचा फोन एका यूएसबी-सी हबमधून (एका भोकाची अनेक भोकं करणाऱ्या डबीतून) मॉनिटरला जोडून वापरतोय. वायर लावली की मॉनिटरवर खाली टास्कबार येतो, अ‍ॅप वेगवेगळ्या विंडोंमध्ये उघडतात, त्या ओढून लहानमोठ्या करता येतात, ऑल्ट-टॅबही चालतं. सॅमसंगमध्ये याला डेक्स म्हणतात. तर माझं भागतं, अगदी व्यवस्थित भागतं. तुमचं भागेल का, हे फोन किती दणकट आहे यावर फारसं अवलंबून नाही.

लोक मात्र पहिली चौकशी रॅमची आणि प्रोसेसरची करतात. अलीकडच्या वरच्या श्रेणीतल्या फोनची चिप साध्या ऑफिस लॅपटॉपच्या तोडीची असते, तिथे काही अडत नाही. अडतं ते अ‍ॅपपाशी. ज्याने ते अ‍ॅप लिहिलं त्याच्या डोळ्यांसमोर वीतभर उभा पडदा होता. तुम्ही ते २७ इंची मॉनिटरवर उघडलंत तरी आपण मोठ्या पडद्यावर आलोय हे त्याला पटत नाही. काही अ‍ॅप मधोमध उभ्या पट्टीसारखी उघडतात आणि दोन्ही बाजूंना नुसता काळोख. काही आडवी पसरतात, पण बटणं अंगठ्याच्या मापाचीच राहतात, त्यामुळे अख्ख्या मॉनिटरवर मेलच्या जेमतेम आठ-दहा ओळी दिसतात. कित्येक ठिकाणी राइट क्लिक केलं तर काहीच होत नाही, कारण बोटाला डावं-उजवं नसतं आणि अ‍ॅप बोटासाठीच लिहिलेलं असतं.

एक्सेलचंच घ्या. अँड्रॉइडवरच्या एक्सेलमध्ये आकडे भरा, बेरजा करा, फिल्टर लावा, सगळं होतं. माझी बिलं त्यातच निघतात. पण ऑफिसातून मॅक्रो (फाइलमध्येच लिहून ठेवलेल्या, कामं आपोआप करणाऱ्या आज्ञा) असलेली फाइल आली की खेळ संपला. फाइल उघडते, आकडे दिसतात, मॅक्रो चालत नाही. तुमचं अर्धं काम मॅक्रोवर चालत असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही, लॅपटॉप घ्या. ब्राउझरचंही थोडंफार असंच. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या जादा सोयी, टाकता येत नाहीत. फायरफॉक्सने २०२३च्या डिसेंबरात अँड्रॉइडवर एक्स्टेन्शनचं दार बऱ्यापैकी उघडलं, म्हणून मी तिकडे वळलो. वेबसाइट मोबाइलचं रूप दाखवायला लागली की ‘डेस्कटॉप साइट’वर टिचकी मारायची, हे तर आता हातालाच सवयीचं झालंय.

ही कल्पना नवी नाही आणि आधी ती फसली तीही बहुतेक याच जागी. मोटोरोलाने २०११ साली अ‍ॅट्रिक्स नावाचा फोन काढला होता. त्याच्यासोबत लॅपडॉक मिळायचा: ११.६ इंची पडदा, कीबोर्ड, बॅटरी, म्हणजे लॅपटॉपचं सगळं शरीर, फक्त मेंदू फोनचा. डेस्कटॉपवाला फायरफॉक्स त्यावर उघडायचा, बाकी करायला फारसं काही नव्हतं. २०१२मध्ये कंपनीने तो नाद सोडला. २०१३ साली उबुंटूवाल्यांनी (उबुंटू म्हणजे विंडोजऐवजी वापरायची, लिनक्स घराण्यातली मोफत प्रणाली) ‘एज’ नावाच्या अशाच फोनसाठी लोकांकडे ३ कोटी २० लाख डॉलर मागितले. जमले १ कोटी २८ लाखांच्या आसपास, फोन काही निघाला नाही. २०१५मध्ये मायक्रोसॉफ्टच्या लुमिया ९५०ला डॉक (मॉनिटर-कीबोर्ड जोडायची डबी) जोडला की हुबेहूब विंडोजसारखं दिसायचं. लोक खूश होऊन आपली नेहमीची सॉफ्टवेअर टाकायला जायचे आणि ती चालायचीच नाहीत. फक्त नव्या धाटणीची स्टोअरमधली अ‍ॅप चालायची, तीही एका वेळी एकच, पूर्ण पडद्यावर. माझ्या मते या सगळ्यांत सर्वांत मोठी निराशा तीच होती. दिसणं विंडोजचं असल्यामुळे अपेक्षाही विंडोजच्याच होत्या.

डेक्स २०१७ साली गॅलेक्सी एस८ सोबत आलं आणि टिकलं. सुरुवातीला त्याचा वेगळा डॉक विकत घ्यावा लागायचा आणि त्या डॉकमध्ये चक्क एक छोटा पंखा होता, फोन गार ठेवायला. पुढच्याच वर्षी फोनचा पडदा टचपॅड म्हणून वापरता यायला लागला आणि नोट ९पासून नुसत्या एचडीएमआय अडॅप्टरवर काम व्हायला लागलं. मध्यंतरी त्यांनी डेक्सवर लिनक्स चालवून दाखवलं होतं. ते २०१९मध्ये गुंडाळलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता वायरीकडे येतो, कारण पहिल्या दिवशी निम्मे लोक इथेच अडकतात. “माझ्या फोनला पण टाइप-सी आहे, मग चित्र का येत नाही?” भोकाचा आकार एक असला म्हणून आतली सोय एक नसते. मॉनिटरवर चित्र पाठवायला फोनमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ असावा लागतो आणि स्वस्त, मधल्या श्रेणीतल्या बहुतेक फोनमध्ये तो नसतो. त्यांचं पोर्ट आतून यूएसबी २.० असतं, चार्जिंग आणि फाइली यांच्यापुरतं. सॅमसंगमध्ये एस मालिका आणि घडीच्या फोल्डमध्ये डेक्स असतं, ए मालिकेत शोधायला जाऊ नका. गूगलच्या पिक्सेल ८ला मॉनिटरवर चित्र पाठवायची सोय जून २०२४च्या अपडेटमधून मिळाली. आयफोन १५पासून टाइप-सी आलं खरं, पण मॉनिटरवर दिसतं ते फोनच्याच पडद्याचं प्रतिबिंब. विंडो नाहीत, टास्कबार नाही. फोटो दाखवायला ठीक आहे, काम करायला नाही.

वायरचंही तेच. फोनच्या डब्यात येणारी चार्जिंगची वायर बहुधा यूएसबी २.०चीच असते, तिच्यातून चित्र जातच नाही. आणि फोनला पोर्ट एकच, त्यातूनच चित्र बाहेर पाठवायचं, कीबोर्ड-माउस जोडायचे आणि वीजही आत घ्यायची. म्हणून चार्जरची वीज पुढे फोनला देणारा हब हवा. स्वस्त हबमध्ये आणखी एक गोम असते. चित्राला आणि यूएसबीला तारा वाटून दिल्या की बऱ्याच हबमधून फोर-के (फुल एचडीच्या चौपट बारकाव्याचं) चित्र सेकंदाला ३० फ्रेमनेच येतं. आकडा वाचून काही वाटत नाही, पण माउस हलवून बघा: पॉइंटर हाताच्या मागून फरफटत आल्यासारखा येतो. अशा वेळी मुकाट फुल एचडीवर यायचं, पॉइंटर लगेच सुतासारखा सरळ होतो. आणि चार्जर आधी हबला लावायचा, मग हब फोनला. काम चालू असताना चार्जर खुपसलात तर बरेच हब क्षणभर सगळं सोडून देतात, चित्र जातं आणि परत येतं, तेवढ्यात विंडोंची मांडणी विस्कटलेली असते.

याहून मोठी भानगड अशी की कॉम्प्युटर झाला तरी तो फोनच असतो. मी एखादा लांबलचक परिच्छेद सोडवत बसलेलो असतो, शेजारी मूळ मजकूर उघडा असतो आणि फोन वाजतो. वर्षानुवर्षांच्या सवयीने हात जातो, फोन उचलून कानाला लागतो, वायर निघते, मॉनिटर काळा. मजकूर हरवत नाही, पण मांडलेला सगळा पसारा पुन्हा मांडावा लागतो. आता ब्लूटूथ इअरफोन टेबलावरच असतो. घरातलं कुणी “जरा फोन दे, फोटो काढते” म्हणालं तरी माझ्या पोटात गोळा येतो. एरवी लॅपटॉप आणि फोन ही दोन वेगळी यंत्रं असण्याचा एक फायदा आपण कधी मोजलेलाच नसतो: एक हरवलं तर दुसरं हातात असतं. इथे फोन हरवला की ऑफिसही हरवलं, वर ओटीपी येणारं सिमही गेलं. त्यामुळे माझं सगळं काम क्लाउडवर असतं आणि जुना लॅपटॉप मी मोडीत काढलेला नाही.

गरम होण्याबद्दल फार लिहीत नाही. फोनला पंखा नाही, त्यामुळे तासभर व्हिडिओ एडिटिंग केलंत तर तो तापणार आणि स्वतःहून मंदावणार. लिहिण्या-वाचण्याने असं काही होत नाही. फक्त कव्हर काढून ठेवा, आणि दिवसभर चार्जिंगवर राहणार असेल तर सेटिंगमधून बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवा.

मग फोन कुणाला पुरतो? ज्यांचं काम ब्राउझर, मेल, लिखाण, व्हिडिओ कॉल एवढ्यात बसतं त्यांना. ज्यांचं खरं काम दुसरीकडच्या कॉम्प्युटरवर चालतं आणि आपल्याला फक्त त्यात शिरायचं असतं, त्यांना तर फारच चांगला. रिमोट डेस्कटॉप अ‍ॅप उघडलं की समोर पूर्ण विंडोज, मॅक्रोसकट, आणि फोनला फक्त चित्र दाखवायचं काम. प्रोग्रामिंग, डिझाइन, लेखाकर्माची सॉफ्टवेअर, अभ्यासक्रमाने सांगितलेलं ठरावीक विंडोज सॉफ्टवेअर, यांतलं काहीही असेल तर नाही. कॉलेजला जाणाऱ्या मुलाला लॅपटॉपऐवजी हब आणि मॉनिटर घेऊन देऊ का, असंही काही पालक विचारतात. देऊ नका. पहिल्याच सत्रात एखादं सॉफ्टवेअर ‘टाकाच’ म्हणून सांगतील आणि तो पोरगा दुसऱ्यांच्या लॅपटॉपवर बसेल. लॅपडॉकही मी सहसा सुचवत नाही. पडदा, कीबोर्ड, बॅटरी असं सगळं विकत घ्यायचं आणि मेंदू तेवढा वगळायचा, यात वाचतं फारच थोडं.

चित्र बदलतंय, हेही खरं. २०२५च्या मे महिन्यात गूगलने सांगितलं की सॅमसंगच्या डेक्सच्या पायावर अँड्रॉइड १६मध्ये डेस्कटॉपसारख्या विंडो येतायत. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो त्यातला दुसरा बदल. अँड्रॉइड १६साठी बांधलेल्या अ‍ॅपने ‘मी उभंच राहणार, माझा आकार बदलू नका’ असा हट्ट धरला तरी मोठ्या पडद्यावर सिस्टीम तो ऐकत नाही. गेम्सना सूट आहे आणि त्या आवृत्तीपुरती अ‍ॅपवाल्यांना यातून बाहेर राहायची पळवाटही ठेवलीय. तरी त्या मधोमधच्या उभ्या पट्ट्या हळूहळू कमी होतील, असं दिसतंय.

तोवर तुमच्यापुरतं उत्तर काढायचं असेल तर काही विकत घेऊ नका. फोनला डेक्स किंवा तसं काही आहे का ते आधी बघा. असेल तर कुणाचा तरी हब मागून आणा, टीव्हीला जोडा, आणि सुट्टीच्या दिवशी नाही, कामाच्या दिवशी सकाळपासून त्यावर बसा. लॅपटॉप कपाटात ठेवा. ज्या क्षणी तो काढावाच लागेल, तेव्हा तो कशासाठी काढला ते कागदावर लिहा. एखादा फॉर्म भरायला किंवा एखादी फाइल प्रिंट करायला काढला असेल तर त्यावर तोडगा निघतो, मला विचारा. ज्या कामाचे पैसे मिळतात त्या कामासाठी काढला असेल, तर तो परत कपाटात ठेवू नका.