मे महिन्यात नागपुरात मार्शमॅलो

सुट्टीला आलेल्या भाचीला मार्शमॅलो हवे होते. दुकानातल्या बहुतेक पाकिटांवर तपकिरी खूण, कारण आत जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढलेलं. सासूबाईंनी विषयच मिटवला, "हाडाचं काही माह्या फ्रीजमध्ये नको बाप्पा." मग घरीच करायचं ठरलं.

तसंही जिलेटिन इथल्या मेमध्ये कामाचं नाही. ते ३५ अंशांच्या आतच वितळतं, म्हणून तर मार्शमॅलो तोंडात विरघळतो. आपल्याकडे पारा ४५ला टेकला की तो ताटलीतच बसकण मारणार. चायना ग्रास, म्हणजे अगर, एकदा धरलं की ८५ अंशांपर्यंत हलत नाही.

ते आणायला इतवारीत गेले, तर जडीबुटीवाल्याकडे खतमी दिसली. मूळचा मार्शमॅलो हाच: दलदलीत वाढणारी, जास्वंदीच्या कुळातली वनस्पती. १९व्या शतकात फ्रान्सचे मिठाईवाले तिच्या मुळाचा चिकट रस साखर आणि अंड्याच्या पांढऱ्यात फेटत. पुढे जिलेटिन आलं, मूळ गेलं, नाव तेवढं राहिलं. युनानीत खतमी अजून खोकल्यावर देतात.

अंड्याऐवजी मी काबुली चण्याचं पाणी घेतलं. चणे बिनमिठाचे शिजवायचे, पाणी आटवून अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाट करायचं, गार करायचं. लिंबाचे दोन थेंब टाकून बीटर लावला की ते असं पांढरंशुभ्र फुगतं की भांडं उलटं केलं तरी पडत नाही. चण्याचा वास व्हॅनिलाखाली दबतो. निदान सासूबाईंना तरी आला नाही. दुसऱ्या शेगडीवर अगरची पावडर पाण्यात खळखळून उकळली, साखर घातली, पाक दोनतारी झाल्यावर बीटर चालू ठेवूनच बारीक धार सोडली. अगर ४०च्या खाली आलं की धरतं, म्हणून एरवी ओतायची घाई असते. इथे ओट्यावर ते धरेचना, ट्रे फ्रीजमध्ये ठेवावा लागला.

खरा वैरी कूलर. त्याच्या दमट हवेत वड्यांना पाणी सुटतं. कूलर बंद करून, घाम गाळत वड्या कॉर्नफ्लोअर आणि पिठीसाखरेत घोळवल्या आणि लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरल्या.

भाचीने एक काट्याला टोचून गॅसवर धरला. "मावशी, याची तार काहून नाही निघत?" अगरला ती तार येत नाही, वरची साखर तेवढी करपते. भाजायचेच असतील तर हे नकोत. गरम दुधावर छान लागतात. पण मेमध्ये गरम दूध कोण पितं? आम्ही कोल्ड कॉफीवर टाकून संपवले.