तुम्ही विचारलंत म्हणून: सेंट्सवाला असून रिप्ले नको?

मंडळाचा गणपती असो की संक्रांत, कोणीतरी विचारतंच. बहुधा ह्यूस्टन नाहीतर डॅलसहून आलेले पाहुणे, हातात बटाटेवड्याची बशी. "अहो, गळा कापला तो तुमच्या टीमचा, आणि पास इंटरफिअरन्सचा रिप्ले परत नको म्हणणारे तुम्हीच?" सेंट्स म्हणजे आमच्या न्यू ऑर्लिन्सचा अमेरिकन फुटबॉलचा संघ, आणि पास इंटरफिअरन्स म्हणजे हवेतल्या पासवर दुसऱ्याला धक्का देऊन किंवा धरून अडवण्याचा फाऊल. मी हसून विषय बदलतो. उभ्याउभ्या सांगण्यासारखं ते नाही. आता एकदाच लिहून टाकतो, पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवेन.

20 जानेवारी 2019. न्यू ऑर्लिन्सचा सुपरडोम, समोर लॉस एंजेलिसचे रॅम्स, जिंकणारा सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, जाणार. मी तिथे होतो. शेजारच्या काकांकडे वर्षानुवर्षं सीझन तिकिटं आहेत. त्यांच्या मुलाला ताप आला, म्हणून ती जागा मला मिळाली. जागा कुठे? वरच्या मजल्यावर, अगदी कोपऱ्यात. त्या डोममधला आवाज कानाने नाही, छातीने ऐकावा लागतो.

स्कोअर 20-20. सामना संपायला दोन मिनिटंही नाहीत, तिसरा डाऊन (चारातला तिसरा प्रयत्न), बॉल रॅम्सच्या गोललाइनपासून 13 यार्डांवर. आमच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे पास टाकणाऱ्या ब्रीसने, उजव्या बाजूला आमच्याच टॉमीली लुइसकडे पास टाकला. बॉल पोचायच्या आधीच रॅम्सचा रोबी-कोलमन त्याच्यावर आदळला, बॉलकडे वळूनही न बघता. रेफरीचा पिवळा फ्लॅग, म्हणजे फाऊलची खूण, पडला नाही. पडला असता तर आम्ही घड्याळ संपवत नेलं असतं आणि शेवटी किक मारून घरी गेलो असतो. त्याऐवजी लगेच किक मारावी लागली, 23-20. रॅम्सना वेळ उरला, त्यांनी 48 यार्डांवरून किक मारून बरोबरी केली. ओव्हरटाइममध्ये ब्रीसचा पास त्यांनी पकडला आणि त्यांच्या किकर झुअरलाइनने 57 यार्डांवरून आम्हाला संपवलं. 26-23. रोबी-कोलमनने नंतर स्वतःच कबूल केलं की आपण लवकर पोचलो होतो. लीगने आमच्या कोचला फोनवर चूक मान्य केली. मान्य करून काय, सुपर बोलमध्ये रॅम्सच गेले.

आता जे सांगतो ते वर्षभर कोणालाच सांगितलं नव्हतं. तो धक्का मी पाहिला नाही.

मी घड्याळाकडे बघत होतो. किती सेकंद उरतील, रॅम्सकडे टाइमआउट किती, हा हिशोब मनात चालला होता. बॉल सुटला तेव्हा मान वळवली, तोवर लुइस खाली होता. आजूबाजूचे सगळे उठून ओरडायला लागले, म्हणून मीही उठलो, घसा फाटेपर्यंत ओरडलो. काकांनी दंड धरून विचारलं, "पाहिलंस ना?" मी म्हटलं, "पाहिलं!" धक्का मला दिसला तो मागाहून, पुढच्या रांगेतल्या पोराच्या फोनवर, त्याच्या खांद्यावरून वाकून. पण तुम्ही आज मला डोळे मिटायला सांगा. मला तो धक्का डोममधल्या माझ्या जागेवरून दिसतो. त्या जागेवरून तो तसा दिसणं शक्यच नाही.

परतताना गाडीत काका काही बोलले नाहीत. मागच्या सीटवर किंग केकचा डबा होता, जिंकल्यावर कापायचा म्हणून आणलेला. तो तसाच त्यांच्या दारात ठेवून मी घरी आलो.

त्यानंतरचा मी तुम्हाला आवडला असता. सुपर बोलच्या दिवशी गावात लोक पट्ट्यांचे शर्ट घालून, काळे चष्मे लावून आंधळ्या रेफरींची सोंगं काढत होते. त्यात मीही होतो. मार्चमध्ये लीगच्या संघमालकांनी 31 विरुद्ध 1 मतांनी नियम केला, फक्त एका वर्षापुरता: पास इंटरफिअरन्स दिलेला असो वा न दिलेला, रिप्लेत तपासता येईल. मी ऑफिसात पेढे वाटले. खोटं नाही सांगत, खरे पेढे.

मग नोव्हेंबर आला. 24 तारखेला कॅरोलायनाचे पँथर्स आमच्याकडे, 31-31, सामना संपत आलेला. त्यांच्या कोचने लाल फ्लॅग टाकून दाद मागितली, रिप्ले पाहिला गेला, आणि मैदानावर न दिलेली पेनल्टी आमच्या डोक्यावर बसली. बॉल थेट आमच्या गोललाइनपाशी. मी घरी टीव्हीसमोर होतो. या वेळी मी सगळं पाहिलं होतं, धक्का लागलेलाही. तरी ओरडलो, "एवढंसं लागलं तर काय फाऊल?" बायको आतून म्हणाली, "तुझ्याच नियमाने दिलंय ना?" त्यांच्या किकरने 28 यार्डांवरून किक चुकवली आणि आम्ही 34-31 जिंकलो. नाहीतर हा लेख मी वेगळ्या सुरात लिहिला असता, हेही मान्य.

त्याच्या आठवडाभर आधीच बाल्टिमोरमध्ये ह्यूस्टनच्या हॉपकिन्सला एंड झोनमध्ये (गोललाइनपलीकडच्या पट्ट्यात) बॉल यायच्या आधी धरलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. ह्यूस्टनने दाद मागितली, न्यूयॉर्कमध्ये रिप्ले बघणाऱ्यांनी नाकारली. ह्यूस्टनवाल्यांनो, तुम्हाला तरी हे आठवायला हवं!

माझं म्हणणं एवढंच. पाय रेषेच्या आत की बाहेर, हे कॅमेरा सांगतो. धक्का किती म्हणजे फाऊल, हे तो सांगू शकत नाही. स्लो मोशनमध्ये खांद्यावरचा हातसुद्धा गळ्याला नख लावल्यासारखा दिसतो. क्रिकेटच्या अंपायर्स कॉलवर आपण इतकी भांडणं करतो, पण तिथे निदान अर्धा चेंडू स्टंपवर की नाही, हे मोजता तरी येतं. रिप्लेत निर्णय फिरवायला लागणारी 'स्पष्ट आणि उघड' चूक कशाने मोजणार? आणि खिडकी एकच उघडायची का, रिप्ले एकाच फाऊलला? रॅम्सविरुद्धच्या त्याच सामन्यात त्यांच्या गॉफचा फेसमास्क (हेल्मेटची जाळी) आमच्या माणसाने ओढला होता, तो फाऊलही दिला गेला नाही. रॅम्सवाले हे काढतात तेव्हा मला दुसरीकडे काम आठवतं.

"म्हणजे तसली ढळढळीत चूकही चालू द्यायची?" नाही हो. इथेच माझी गाडी अडते. त्या एका चुकीसाठी नियम हवा होता, पण एका चुकीपुरता नियम लिहिता येत नाही. 5 जानेवारी 2020 ला, नियमाच्या शेवटच्या दिवसांत, त्याच डोममध्ये, ओव्हरटाइमला मिनेसोटा व्हायकिंग्जच्या रुडॉल्फने आमच्या माणसाला हाताने ढकलून टचडाउन पकडला. न्यूयॉर्कने बघितलं, म्हणे स्पर्श दोघांचाही होता, फार काही नव्हतं. 26-20, सामना तिथेच संपला. ओव्हरटाइममध्ये ब्रीसच्या हातात बॉल आलाच नाही. पुढच्या सीझनला नियम गेला. मी तेव्हा म्हटलं, बरं झालं. आज म्हणेन का? अर्धं म्हणेन.

काका आता थकलेत, डोममध्ये जात नाहीत. कधी भेटले की हमखास विचारतात, "तू पाहिलंस ना?" त्यांना मी अजून "पाहिलं"च म्हणतो. आणि ती फाऊलच होती.